घराभोंवतालच्या माशा : मधमाशी कोणती आणि गांधील कोणती ?

गेल्या फाल्गुनांतील गोष्ट. सकाळचा चहा होऊन आम्ही सोप्यांत बसलों होतों, तोंच शेजारचे मळेकरी धांवत आले. एका हातांत डिझेलची बाटली, दुसऱ्या हातांत वेळूच्या टोकास चिंध्या गुंडाळून केलेला काकडा. म्हणाले, "आण्णा, गोठ्यात मोहोळ बसलंय. म्हसरं बिथरायच्या आत जाळून टाकतो बघा. तुमच्याकडं काडेपेटी हाय का ?"

काडेपेटी होती, पण ती देण्यापूर्वीं आम्ही त्यांच्याबरोबर गोठ्यापर्यंत गेलों. पत्र्याखालच्या तुळईस एका बारीक देठानें लटकलेलें, बशीएवढें, राखी रंगाचें घर दिसलें. त्याच्या तोंडावर पंधरावीस लांबोड्या तांबूस माशा पंख मिटून स्वस्थ बसल्या होत्या. तें मोहोळ नव्हतें. गांधिलीचें घर होतें. आणि त्याच्या खालीं, दोन हातांवर, वाळल्या कडब्याची गंज रचलेली होती. काकडा पेटला असता तर गांधिली गेल्या असत्या कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. गोठा मात्र खास गेला असता.

हा भेद आम्हांस चटकन् ओळखूं आला ही आमची हुशारी नव्हे. ती अक्कल आम्हीं नुकसान सोसून विकत घेतलेली आहे. तीन वर्षांपूर्वीं आमच्या वस्तीवरील जुन्या दगडी घराच्या भिंतींत, दिवा ठेवण्याच्या कोनाड्यामागील भेगेंतून माशांची ये-जा सुरू झाली. एके दिवशीं त्यांतील एक आमच्या नातवाच्या कपाळास डसली. घरांत "गांधील, गांधील" असा गलका झाला, आणि आम्हीं कांहीं न पाहतां, स्वतःच्या हातांनीं, पेटत्या चिंध्या त्या भेगेंत कोंबल्या. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों भिंतीवरून वितळलेलें मेण ओघळून खालीं आलेलें, त्यांत मध मिसळलेला, आणि जमिनीवर ओंजळभर मेलेल्या माशा. कित्येकींच्या मागल्या पायांस पिंवळ्या परागांच्या गोळ्या तशाच चिकटलेल्या होत्या. भिंतींत सातेरीचें मोहोळ होतें. नातवाच्या कपाळांत रुतलेली नांगी त्याच्या आईनें नखानें काढली होती, ती कोणीं नीट पाहिली असती तरी आम्हांस उमज पडला असता. पण रागाच्या भरांत पंचनामा करतो कोण?

त्या उन्हाळ्यांत आमच्या अर्ध्या एकरांत काकडी होती. वेल जोमानें पसरले, फुलेंही भरपूर आलीं. परंतु कोवळीं फळें बोटाएवढीं होऊन पिंवळीं पडत व गळत, आणि जीं राहिलीं त्यांतील बरीचशीं एका टोकास बारीक व वांकडीं. आम्हीं खत वाढविलें, पाणी वाढविलें. काकडीच्या वेलावर नरफुलें निराळीं आणि मादीफुलें निराळीं असतात. तिचा पराग चिकट व जड असल्यामुळें तो वाऱ्यानें जात नाहीं. या फुलावरून त्या फुलावर नेणारी माशीच लागते. मादीफुलास पुरेसा पराग मिळाला नाहीं तर बीं धरत नाहीं आणि जिकडे बीं धरलें नाहीं तिकडे फळ वाढत नाहीं. वांकडी काकडी होण्याचें हें एक मोठें कारण आहे. आमच्या साऱ्या नुकसानीचा बोजा एका मोहोळाच्या नांवें चढविणें पुराव्यास धरून होणार नाहीं. पण त्या हंगामांत सकाळीं आठ-नऊच्या सुमारास वेलांत उभे राहून आम्हीं पाहिलें, तेव्हां फुलांवर मधमाशी म्हणून दिसली नाहीं, एवढें खरें.

आपल्या भागांत जी उडते, गुणगुणते आणि डसते ती माशी, आणि ती जेथें बसते तें मोहोळ, असा ढोबळ हिशोब आहे. आमचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. जागेवर न जातां चावडींत बसून लिहिलेल्या पीकपाहणीनें जिराईत जमिनीस बागाईत व पडीकास ऊस लागलेला आम्हीं पाहिला आहे, आणि तो शेरा दुरुस्त करून घेण्यासाठीं खातेदारानें घातलेले हेलपाटेही पाहिले आहेत. माशांच्या बाबतींत चुकीचा शेरा पडला तर तो दुरुस्त होत नाहीं, कारण जळालेल्या मोहोळाचें अपील कोठें चालत नाहीं. म्हणून आधीं ठाणपाहणी करावी. ती दिवसाउजेडीं, दहाबारा हात दूर उभें राहून, काठी न उगारतां व माशांच्या येण्याजाण्याच्या वाटेंत न येतां करावी.

प्रथम घर पाहावें, माशी मागाहून. गांधील कागद करते. जुन्या दाराच्या फळ्या, गोठ्याचे वासे, कुंपणाचे वेळू यांवर बसून ती जबड्यानें लांकडाचा कीस काढते, लाळेंत चावून त्याचा लगदा करते आणि तो पातळ थापून खोल्या बांधते. हा कागद वाळला म्हणजे राखी, किंचित् पट्टेदार दिसतो. उभा जन्म कागदांत घालविलेल्या आमच्यासारख्यास या कारागिरीचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. तिच्या खोल्याही षट्कोनीच असतात, त्यामुळें पुष्कळांस तें पोळें वाटतें. पण नेहमींच्या लहान गांधिलीचें घर एका देठास टांगलेलें असतें, त्यास खोल्या एकाच अंगास असतात, त्यांचीं तोंडें बहुधा खालीं असतात आणि ती सारी रचना उघडी, कोरडी दिसते. त्यांत मधाचें कोठार नसतें. खोल्यांतून अंडीं, अळ्या व पांढऱ्या टोप्या घातलेले कोष असतात. "गांधिलीच्या पोळ्यांत मध सांपडतो" म्हणून पोरें दगड मारतात, तीं मधासाठीं नव्हे, सुजलेल्या तोंडासाठींच मारतात म्हणावयाचीं.

मधमाशीचें पोळें मेणाचें. हें मेण ती कोठून गोळा करून आणीत नाहीं. तिच्या पोटाखालच्या ग्रंथींतून तें पाझरतें. पोळें उभें लोंबतें, त्यास दोन्ही अंगांनीं खोल्या असतात, आणि उघड्यावर असेल तर तें माशांनीं इतकें झांकलेलें असतें कीं मेण दिसतच नाहीं. राखी कागद उघडा दिसला तर गांधील, माशांचा जिवंत पडदा दिसला तर मधमाशी, ही खूण आठ वर्षांच्या मुलासही शिकवितां येते.

मोठ्या गांधिलीची तेवढी निराळी नोंद ठेवावी. काळीं अंगें, पोटावर रुंद पिंवळा पट्टा, लांबी सुमारें अडीच सेंटिमीटर, आवाज घोगरा. ही आपलें घर कागदाच्या आवरणाआड, पुष्कळदां झाडाच्या ढोलींत किंवा जमिनींतील पोकळींत करते. हिची छेड काढूं नये. लहान गांधिलींच्या घरांवर धाड घालून त्यांच्या अळ्या नेणारी ती हीच.

आतां मधमाशांचें कुटुंब. आपल्याकडे तिचे चार देशी प्रकार लक्षांत ठेवण्याजोगे आहेत, आणि घराभोंवतीं ते चारही भेटतात. सर्वांत मोठी आग्या. हिचें एकच पोळें, एक मीटर किंवा त्याहूनही रुंद, उंच वड-चिंचेच्या आडव्या फांदीस, पुलाखालीं, पाण्याच्या उंच टाकीच्या बुडाशीं, कारखान्याच्या उंच छज्जास लोंबत असतें. इचलकरंजी शहरांत जसे मजले चढले तसे आग्यास बसावयास नवे कडेच मिळाले. शत्रु जवळ आला म्हणजे त्या पडद्यावरून एकामागून एक लाटा सरकतांना दिसतात. हजारों माशा क्रमानें शेपटें उचलून खालीं करतात, त्याचा तो देखावा. ती लाट दिसली कीं आपण मागें सरावें. आग्या वर्षभर एका जागीं राहत नाहीं. फुलांचा हंगाम सरला कीं आपण होऊन उठून दूर जातें. आपल्या उंच छपरास बसलेलें आग्या जाळण्याचा घाट घालण्यापूर्वीं थोडी कळ काढली तर पुष्कळदां काम फुकटांत होतें.

दुसरी सातेरी. ही उजेडांत पोळें करीत नाहीं. झाडाची ढोली, दगडी भिंतीची पोकळी, ओस घराचें माळवद, पालथें पडलेलें रांजण, विजेच्या मीटरची पेटी अशा अंधाऱ्या जागीं ही एकाशेजारीं एक अशीं अनेक समांतर पोळीं बांधते. सात पोळीं म्हणून सातेरी, असें सांगतात. बाहेरून केवळ भोंक आणि माशांची ये-जा एवढेंच दिसत असल्यामुळें हिच्यावरच बहुधा अन्याय होतो. आमच्या हातून झाला तोही हिच्यावरच. पेटींत पाळतां येणारी आपली देशी माशी ती हीच. तिच्या भोंकाशीं सकाळीं घटकाभर लक्ष ठेवावें. आंत शिरणाऱ्या कांहीं माशांच्या मागल्या पायांवर पिंवळ्या, नारिंगी किंवा पांढुरक्या गोळ्या दिसल्या कीं निकाल लागला. गांधिलीच्या पायांवर परागाची गोळी कधींही नसते.

तिसरी फुलोरी : अगदीं बारीक, तळहाताएवढें पोळें, डाळिंबाच्या, बोरीच्या किंवा कुंपणाच्या मेंदीच्या फांदीस वेढून बसलेलें. हिला भिण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. चौथी त्याहून लहान, काळी, नांगीच नसलेली. हिला कोती म्हणतात. भिंतीच्या छिद्रांतून मेण व डिंक यांची बारीक नळी बाहेर आलेली दिसली कीं आंत ही आहे असें समजावें. त्या नळींत सिमेंट भरणारे गवंडी आम्हीं पाहिले आहेत. ती डसत नाहीं, जागा अडवीत नाहीं. तिला कां बुजवावें, हें आम्हांस तरी समजत नाहीं.

याखेरीज पाळीव पेट्यांतून दिसते ती युरोपीय मधमाशी. ती १९६२ सालीं उत्तरेकडे नगरोटा येथें आणून रुजविण्यांत आली आणि तेथून हळूहळू देशभर पसरली. त्याच सालीं पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. १९९१-९२ च्या सुमारास सातेरीच्या अळ्यांस होणारा थाई सॅकब्रूड नांवाचा विषाणुरोग दक्षिण भारतांत पसरून तिचीं असंख्य मोहोळें बसलीं. त्या तडाख्यांतून उरलेल्या वंशास आपण काकड्यानें मारावें, हें बरें नव्हे. आपल्याच जिल्ह्यांत भुदरगड तालुक्यांतील पाटगाव हें आज मधाचें गाव म्हणून ओळखलें जातें. तेथील मंडळी ज्या माशीस पेटींत घालून संसारास हातभार लावून घेतात, तीच आपल्या कोनाड्यांत न बोलावतां येऊन बसते.

घर दिसत नसेल आणि एकटीदुकटी माशी ओळखावयाची असेल तर तिची कंबर पाहावी. गांधिलीची कंबर सुतासारखी बारीक, अंग गुळगुळीत व चकचकीत. उडतांना पुष्कळदां तिचे लांब पाय खालीं लोंबतात. बसली म्हणजे पंख उभे दुमडून अरुंद करते. मधमाशी बुटकी, भरीव. तिच्या छातीवर लव असते, त्या लवेंत पराग अडकलेला दिसतो, आणि कंबर असली तरी नजरेंत भरत नाहीं. रंगावर मात्र जाऊं नये. पिंवळे-काळे पट्टे दोघींसही असतात, आणि कांहीं साध्या माशाही तसलेच पट्टे मिरवितात. फुलासमोर हवेंत खिळल्यासारखी तरंगते, डोळे मोठाले, आणि पंख चारऐवजीं दोनच, अशी जी माशी असते ती नुसती सोंगाडी. तिला नांगी नाहीं. तिच्या कित्येक जातींच्या अळ्या मावा खाऊन आपल्या पिकाचें कामच करतात.

माशी कशावर येते, हाही एक पुरावा आहे. रविवारीं मटणाच्या पातेल्याभोंवतीं घिरट्या घालून तुकडा तोडून नेऊं पाहते ती गांधील. मधमाशी मांसास तोंड लावीत नाहीं. उन्हाळ्यांत हौदाच्या ओल्या कांठावर, पाणपोईच्या माठाखालीं, गोठ्यांतील दावणीजवळ ओळीनें बसून पाणी शोषतात त्यांत मधमाशाच फार. त्या पाण्यासाठीं आलेल्या असतात, भांडणासाठीं नव्हे. हौदापासून थोड्या अंतरावर उथळ परातींत खडे टाकून त्यांत रोज पाणी ठेवावें. चार-पांच दिवसांत त्यांची वहिवाट तिकडे पडते आणि धुणें धुणाऱ्या बायकांस हौद मोकळा होतो.

गुऱ्हाळावर मात्र दोघींचीही गर्दी उडते. घाणा सुरू झाला, रसाची धार लागली, काहिलीवर मळी येऊं लागली कीं आजूबाजूच्या शिवारांतील माशा तेथें लोटतात. गुळव्या आणि चुलवाणावरचा जळव्या यांना त्यांची इतकी सवय झालेली असते कीं ते हातानें बाजूस सारून काम चालवितात. पण चिपाडें वाळवितांना अनवाणी पायाखालीं माशी येते, रसाच्या टाकींत शेंकडों मधमाशा बुडून मरतात, आणि तोच रस गाळून पुढें जातो. रसाच्या टाकीवर ताणून कापड बांधावें, सांडलेला रस राखेनें किंवा मातीनें झांकावा, मळीचे डबे उघडे ठेवूं नयेत. आपल्या इचलकरंजीस तरी कापडाचा तोटा आहे असें कोणी म्हणूं नये. गुळाची प्रतही त्यानें सुधारते, आणि ज्या माशा पुढें सूर्यफुलावर व वेलभाज्यांवर यावयाच्या त्या काहिलींत जात नाहींत.

आतां डंखाविषयीं. येथें ओळख चुकली तर प्रसंग जिवावर बेततो, म्हणून जरा सविस्तर लिहितों. मधमाशीच्या नांगीस उलटे दांते असतात. माणसाच्या कातड्यांत ती रुतते, विषाच्या पिशवीसह तुटून तेथेंच राहते, आणि माशी मरते. ती तुटलेली पिशवी कांहीं काळ विष आंत ढकलीत राहते, म्हणून नांगी जितक्या लवकर निघेल तितकें बरें. नखानें काढली कीं चिमटीनें, यापेक्षां किती लवकर काढली याला महत्त्व. डंख झाला म्हणजे तेथून पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो. तो इतर माशांस "येथें मारा" असा इशारा असतो. म्हणून पहिला डंख बसतांच जागा सोडावी, हातवारे करूं नयेत, तोंड व डोळे धोतरानें किंवा पदरानें झांकून बंद खोलींत शिरावें. विहिरींत उडी मारूं नये. आग्या वर घोंघावत राहतें, आणि बुडण्याचें संकट वेगळेंच.

गांधिलीची नांगी गुळगुळीत. ती मागें राहत नाहीं, आणि तीच गांधील पुनःपुन्हां डसूं शकते. हें माहीत नसल्यानें काय होतें तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. दोन वर्षांमागें शेजारच्या उसांत पाला काढण्यासाठीं बायका आल्या होत्या. त्यांतील एकीच्या मनगटास पाल्याआडच्या घरांतून एक माशी डसली. "मधमाशी हाय, काटा काढा," असें म्हणून दोघीतिघींनीं सुई घेऊन मनगट टोकरण्यास आरंभ केला. कोणीं चुना लावला, कोणीं विळ्याचें लोखंड घासलें. कांटा सांपडेना, कारण तो तेथें नव्हताच. या खटपटींत पंधरावीस मिनिटें गेलीं. तोंवर तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओंठ सुजले, आवाज बसला, आणि ती बसल्या जागीं कलंडली. उसाच्या ट्रॅक्टरमागून येणारा एक टेंपो थांबवून तिला दवाखान्यांत नेलें. तेथें ॲड्रेनलिनचें इंजेक्शन दिल्यावर तिला श्वास घेतां येऊं लागला. बाई वांचली. आणखी तितकाच वेळ सुईनें टोकरण्यांत गेला असता तर काय झालें असतें, हा विचार आम्हांस अजून रात्रीं जागा करतो.

म्हणून डंख एकच असला तरी डसल्या जागेपुरती सूज व आग असेल तर साबणपाण्यानें धुवावें, थंड पट्टी ठेवावी. पण अंगभर गांधी, ओंठ-जीभ-घसा यांची सूज, दम लागणें, चक्कर, ओकाऱ्या यांतील कांहींही दिसलें तर क्षणभर न थांबतां १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनानें दवाखाना गांठावा. माशी कोणती होती हा प्रश्न तेव्हां विचारीत बसूं नये. लहान मुलास किंवा म्हाताऱ्या माणसास अनेक डंख झाले तर बरें दिसत असलें तरी दाखवून घ्यावें. ज्यास पूर्वीं एकदां असा त्रास झाला त्यास पुढच्या डंखानें पुन्हां तसा किंवा अधिक होण्याचा संभव असतो, हें घरांतील सर्वांस ठाऊक असावें.

एवढें वाचून वाचक म्हणतील, तर मग मधमाशी राखावी आणि गांधील तेवढी जाळावी. तसेंही नाहीं. गांधील आपल्या अळ्यांस मध पाजीत नाहीं. ती त्यांस पिकांवरच्या अळ्या व इतर किडे चावून भरविते. कोबीवर, वांग्यावर फिरतांना ती पान कुरतडीत नाहीं. पान कुरतडणारी शोधीत असते. तिच्याच गोत्रांतील कुंभारीण तर प्रत्येक घरांत आहे. खिडकीच्या चौकटीस, कपाटामागें, देव्हाऱ्याच्या कोपऱ्यांत मातीचें इवलें मडकें करणारी ती हीच. ती एकटी राहते, झुंड करीत नाहीं, आणि पकडल्यावांचून सहसा डसत नाहीं. आपल्या साधुसंतांनीं अळीची भिंगुरटी झाली असा दृष्टान्त वारंवार दिला. भृंगीकीटकन्याय म्हणतात तो हाच. ध्यासानें रूप पालटतें हा त्यांतील अर्थ खरा. पण मडक्यांत खरोखर घडतें तें असें कीं, भिंगुरटी अळीस डंख मारून लुळी करते, मडक्यांत कोंडते, आपलें अंडें आंत ठेवते आणि तोंड लिंपून जाते. अंड्यांतून निघालेलें पिलू त्या ताज्या अळीवर वाढतें व पुढें मडकें फोडून बाहेर पडतें. आंत गेली अळी, बाहेर आली भिंगुरटी. पाहणाऱ्याची चूक समजण्यासारखी आहे. दृष्टान्तास त्यानें बाध येत नाहीं, आणि आपल्या हरभऱ्यावरच्या अळ्या कमी होतात हा निराळा लाभ.

ऊस करणाऱ्यांनीं तर या गोत्राचे उपकार मानलेच पाहिजेत. खोडकिडीसाठीं आपण ट्रायकोकार्ड म्हणून जो कागदाचा तुकडा पानास टांचतों, त्याच्यावरच्या सुमारें वीस हजार अंड्यांतून जी ट्रायकोग्रामा बाहेर पडते ती गांधिलीचीच दूरची, डोळ्यांस जेमतेम दिसणारी भाऊबंद. ती किडीच्या अंड्यांतच आपलें अंडें घालते. २००२ सालीं उसावर लोकरी मावा आला तेव्हां सांगली-कोल्हापूरकडील बागाईतदार किती हवालदिल झाले होते तें पुष्कळांस स्मरत असेल. त्या माव्याचा जोर मोडण्यांत डिफा व मायक्रोमस या मित्रकिडींबरोबर एन्कार्शिया नांवाच्या अशाच एका सूक्ष्म गांधिलीचा उपयोग झाला. फवारणीच्या पंपास जेथें दाट उसांत शिरतां येत नव्हतें तेथें या शिरल्या.

मग गोठ्यांतल्या गांधिलीचें काय करावें ? बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेंतील प्राध्यापक राघवेंद्र गदगकर यांनीं दक्षिण भारतांत घरोघर आढळणाऱ्या रोपॅलिडिया मार्जिनाटा नांवाच्या लहान गांधिलीचा अनेक वर्षें अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ २००१ सालीं प्रसिद्ध झाला. या गांधिलीची राणी दिसावयास इतरांसारखीच असते, आणि ती गेली कीं राहिलेल्यांतील एक तिची जागा घेते. वर्षांतील कोणत्याही दिवसांत नवें घर सुरू होऊं शकतें. तेव्हां थंडी पडली कीं जातील, किंवा मोठी मारली कीं बाकीच्या पळतील, या भरंवशावर राहूं नये. माणसाचा हात किंवा जनावराचें शिंग लागणार नाहीं अशा जागीं घर असेल तर तें तसेंच राहूं द्यावें. दाराच्या चौकटीस, पाण्याच्या नळाशीं, पोरांच्या वाटेवर असेल तर तें रुपयाएवढें व एकदोन माशांचें असतांनाच लांब वेळूनें पाडावें. म्हणून महिन्यांतून एकदां वळचणी व पत्र्याखालचा भाग पाहण्याचा परिपाठ ठेवावा. घर मोठें होऊन माशा वाढल्यावर स्वतः शौर्य करूं नये. अंगभर जाड कपडे व जाळी घालून काम करणारा जाणता माणूस आणावा. मधमाशीचें असेल तर पेटी बाळगणाऱ्यास कळवावें. सातेरी भिंतींतून काढून पेटींत बसवितां येते, आणि काढणाऱ्यासही तिचें मोल असतें. आग काकड्याची असो कीं डिझेलची, उसाच्या व कडब्याच्या शेजारीं ती कोणासाठींही लावूं नये. आणि पिकावर औषध मारावयाचेंच झालें तर फुलावर माशी असेपर्यंत मारूं नये. संध्याकाळीं माशा परतल्यावर मारावें. एवढीच गोष्ट साऱ्या शिवारानें पाळली तरी पुष्कळ मोहोळें वांचतील.

शेजाऱ्यांच्या गोठ्यांतील घर तुळईच्या पार टोकास, वाटेपासून दूर होतें. म्हशीची दावण तेवढी चार हात अलीकडे घेतली, कडब्याची गंज बाहेर हलविली. डिझेल त्यांनीं इंजिनांत ओतलें. वैशाखांत एक मोठी काळी गांधील येऊन त्या घरांतील अळ्या नेऊं लागली, आणि थोड्याच दिवसांत नुसता राखी कागद लोंबत राहिला. तो त्यांच्या नातीनें काढून शाळेंत दाखविण्यास नेला.

आमच्या कोनाड्यामागची भेग त्या आगीनें काळी पडली होती. यंदा घराची डागडुजी काढली तेव्हां ती बुजविण्यास गवंड्यास सांगून ठेवलें होतें. गेल्या पंधरवड्यांत सकाळच्या उन्हांत तेथें पुन्हां ये-जा दिसूं लागली. आम्ही पायरीवर बसून मोजलें : एका घटकेंत सत्तावीस माशा पिंवळ्या गोळ्या घेऊन आंत गेल्या. गवंड्याचें काम तूर्त थांबविलें आहे.